डिपोवरचे जिनगोंडा अण्णा

जिनगोंडा अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टाकीच्या वॅगनवर पालथे पडले होते आणि वरच्या झाकणातून डोकं आत घालून वास घेत होते. धोतराचा काष्टा, अंगात कंपनीचा खाकी शर्ट, पाय निम्मे हवेत. मी त्या स्टेशनावर नुकताच बदलून आलेला मालबाबू. मला वाटलं, माणूस आत पडतोय. मी खालून ओरडलो, "अहो, धरा! पडाल!"

त्यांनी सावकाश डोकं बाहेर काढलं, नाक पुसलं आणि वरूनच म्हणाले, "बाबू, वरडू नका. ध्यान जातंय."

मग खाली उतरून माझ्यासमोर उभे राहिले. सडपातळ, काळेसावळे, पन्नाशीच्या आसपासचे. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर चोळत होते. ती बोटं नाकाशी नेली आणि म्हणाले, "रॉकेल चांगलं हाय. पण ही वॅगन मागल्या खेपेला डिझेल घिऊन गेलती. नीट धुतलेली न्हाई. वास घेतल्याबिगर मी सही करत नसतो."

त्या दिवशी वॅगन परत गेली. स्टेशनमास्तर चिडले, मला चार कागद नव्यानं करावे लागले. पंधरा दिवसांनी मुंबईहून कळलं की अण्णांचं बरोबर होतं. ही बातमी मी सांगायला गेलो तर ते म्हणाले, "व्हय की," आणि पिंपं मोजत राहिले.

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या लाईनवर, लोणंदच्या थोडं अलीकडे आमचं स्टेशन होतं. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांची गोष्ट सांगायची त्यांतली काही माणसं अजून तिथं आहेत. स्टेशनाच्या सायडिंगला लागून परदेशी तेल कंपनीचा डिपो होता. दोन उभ्या टाक्या, एक रॉकेलची आणि एक डिझेलची. पिंपांची शेड, तारेचं कुंपण, फाटकावर एनॅमलची पाटी. इथून मेढ्याच्या डोंगरापर्यंत आणि खंडाळ्याच्या बाजूला लॉरीनं पिंपं जायची. अण्णा या डिपोचे कारकून म्हणा, मापाडी म्हणा, रखवालदार म्हणा. कंपनीच्या कागदांवर ते जिनगोंडा पाटील, आणि त्यांच्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण गावात सगळे त्यांना डिपोवाले अण्णा म्हणत.

माणूस सांगलीकडचा. कृष्णाकाठच्या एका गावात त्यांची जमीन होती, ऊस भाऊ बघायचा. बायको-मुलं तिथंच. अण्णा डिपोतल्या एका खोलीत एकटे राहायचे आणि महिन्यातून एकदा पॅसेंजरनं घरी जाऊन यायचे. धर्मानं जैन, आणि तो त्यांनी एकटेपणीही सोडला नव्हता. सूर्य मावळायच्या आत जेवण. पिण्याचं पाणी पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळून, आणि घडीत राहिलेलं पुन्हा विहिरीच्या पाण्यात नेऊन सोडायचं. त्यातल्या जिवांना त्यांचं घर परत मिळावं म्हणून. हे करायला ते रोज सकाळी डिपोच्या मागच्या हमालवस्तीतल्या विहिरीवर जात. बायका हसायच्या. "अण्णा, किती मासं सुटलं आज?" पारूबाई विचारायची. ती बाजारातल्या एका हमालाची विधवा, वस्तीत तिचाच शब्द चालायचा. अण्णा म्हणायचे, "लय सुटलं. तुझ्या घागरीत आलं तर धाडून दे माघारी."

सकाळी सातला, उन्हं वर यायच्या आत, ते शिडीनं टाकीवर चढत. वरच्या झाकणातून पितळी माप लावलेला लांब गज आत सोडत, वर काढत, ओल कुठपर्यंत आली ते बघत आणि वहीत लिहीत. गजाच्या टोकाला एक लेप लावायचे. तो तेलात तसाच राही, पाणी लागलं की लाल होई. टाकीच्या बुडाला पाणी साठलंय का ते त्यावरून कळायचं. माप झालं की हात धुण्याचा कार्यक्रम. आधी राख, मग रिठ्याचं पाणी, शेवटी लिंबाची फोड. एवढं करूनही जेवताना भाकरी डाव्या हातानं मोडायचे. "उजव्याला वास ऱ्हातोय," म्हणायचे.

कंपनीवर त्यांचा जीव होता. नोकरीवर असतो तसा नव्हे, घराण्यावर असतो तसा. त्यांचे वडील मिरज स्टेशनातून रॉकेलचे डबे बैलगाडीत घालून गावोगाव नेत. अण्णा सांगायचे, "तवा आमच्याकडं करडीच्या तेलाचं दिवं. रॉकेल जाळायचं कसं कुणाला ठावं न्हवतं. कंपनीनं काय केलं? आधी दिवं वाटलं. फुकट! काचंचं, पितळंचं. माझा बाप दिवा लावून दावायचा आन् मग डबा इकायचा. अख्खा गाव बघाय यायचा. आमच्या भागात उजेड कंपनीनं आणला, बाबू."

हे ऐकताना मी एकदा म्हणालो, "दिवा फुकट दिला, पण तेल आयुष्यभर घ्यायला लावलं की."

"आसं कुणी म्हटलं न्हवतं मला," ते म्हणाले.

एका बाजाराच्या दिवशी पुण्याहून एक पुढारी आले होते. परदेशी तेल कंपन्या देशाला कसं लुटतात यावर त्यांचं भाषण होतं. तेलाचा भाव विलायतेत ठरतो, आपल्याकडे तेल शुद्ध करायचा कारखाना काढायचा तर यांनी कसे अडथळे आणले, नफा कसा बोटीनं जातो. अण्णा गर्दीत मागं उभे होते. मधेच हात वर करून म्हणाले, "पर दिवा कुणी लावला?" लोक हसले. पुढाऱ्यांनी खाकी शर्ट पाहिला आणि म्हणाले, "हे बघा, मालकाचं मीठ बोलतंय." लोक आणखी हसले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाबू, खरंच एवढं न्हेत आसतील का हो?"

मी म्हणालो, "नेत असतील."

"मग आमाला कसं कळत न्हाई? माल तर आमच्याच हातातनं जातोय."

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातल्या विहिरी खडखडीत झाल्या, पण हमालवस्तीची विहीर टिकली. लाईन टाकताना कंत्राटदारानं मजुरांसाठी खणलेली जुनी विहीर, तिला खालून जिवंत झरा होता. निम्मं गाव तिथं रांग लावायचं. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, विहिरीला पुरुषभर पाणी आलं. आणि एका सकाळी पारूबाई भरलेली घागर कडेवर घेऊन डिपोच्या फाटकातून आत आली. मी वॅगनची पावती घेऊन तिथंच बसलो होतो. तिनं घागर अण्णांच्या टेबलावर ठेवली. खालचे कागद भिजले.

"अण्णा, वास घ्या."

अण्णांनी वाकून वास घेतला. "काय न्हाई."

"न्हाई? आवं, दोन दिस झालं लेकरं ओकत्यात. म्हस तोंड लावंना. आन् तुमी न्हाई म्हणताय?"

त्यांनी पुन्हा वास घेतला. ओंजळीत पाणी घेऊन घेतला. मग माझ्याकडे वळले. "बाबू, तुमी बघा जरा."

मी वाकलो. घागरीच्या तोंडाशीच रॉकेलचा वास होता, अगदी स्पष्ट. कुणालाही आला असता.

"रॉकेल आहे अण्णा," मी म्हणालो.

त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पाण्यात रॉकेल आहे याचा धक्का नंतरचा. आधी कळलं ते हे, की आपल्याला वास आला नाही. तेच पाणी ते रोज गाळून पीत होते. जो माणूस वॅगनीत मागच्या खेपेला काय होतं ते सांगायचा, त्याला स्वतःच्या तांब्यातलं रॉकेल कळलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या वासात काढल्यावर नाकाला तो वास म्हणजे हवाच झाली होती.

पारूबाई जरा मवाळ झाली. "आवं, तुमाला न्हाई आला तर न्हाई. पर येतंय कुठनं ते बघा की."

त्याच दुपारी ते टाकीचा गज घेऊन विहिरीवर गेले. गजाला लेप लावला, तो पाण्यात सोडला, वर काढला. खालचा सगळा भाग लालभडक झाला होता. वरची दोन बोटं मात्र लेप जसाच्या तसा होता, ओला पण तांबूस न झालेला. पाण्यावर दोन बोटं रॉकेल होतं. भोवती वस्तीतली माणसं उभी होती. अण्णांनी गज पुसला आणि कुणाकडे न बघता डिपोत परत गेले.

पुढचे तीन आठवडे त्यांनी एकच काम केलं. शनिवारी संध्याकाळी डिपो बंद झाला, नळ कुलूपबंद झाला की माप घ्यायचं. सोमवारी सकाळी नळ उघडायच्या आत पुन्हा घ्यायचं. मधल्या काळात टाकीला कुणाचा हात लागलेला नसे. थंडीनं तेल आकसतं म्हणून ते थर्मामीटरही सोडायचे आणि तेवढी सूट द्यायचे. तिन्ही सोमवारी माप पाव इंच खाली. पाव इंच ऐकायला काही नाही, पण टाकी केवढी रुंद! अर्ध्या पिंपाहून जास्त रॉकेल दर सुट्टीला जमिनीत जात होतं. टाकीच्या बुडाचा पत्रा सडला होता.

त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. माझ्याकडून इंग्रजी तपासून घेतलं. "आपल्या कंपनीच्या कीर्तीला बाध येऊ नये म्हणून" असं एक वाक्य त्यांनी हट्टानं घालायला लावलं. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं. घट नेहमीच्या बाष्पीभवनाच्या मर्यादेत आहे, चिंतेचं कारण नाही.

"बाष्पीभवन वर जातंय न्हवं?" अण्णांनी मला विचारलं. "मग हिरीत कसं पडंल?"

त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. तिसऱ्यानंतर मुंबईहून प्रधान नावाचे साहेब आले. तरुण, हुशार, बोलायला गोड. टाकीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर काठीनं ठोकलं. अण्णांनी वही पुढं केली. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "पाटील, तुमची निष्ठा मला माहीत आहे. पण टाकी रिकामी करून बूड बदलायचं तर डिपो तीन महिने बंद ठेवावा लागेल. आत्ताच्या दिवसांत ते शक्य आहे का?"

दिवस तसेच होते. अरबांची लढाई होऊन तेलाचे भाव भडकले होते. रॉकेल मिळेनासं झालं होतं. दुकानापुढं पहाटेपासून डबे-बाटल्यांची रांग लागायची. माणूस जायचा कामाला, डबा रांगेत राहायचा.

"साहेब," अण्णा म्हणाले, "डिपो चालू ठेवा. पर त्या लोकास्नी पाणी तरी द्या. टँकर लावा एक."

"टँकर लावला म्हणजे आपण चूक कबूल केली असं होतं," साहेब म्हणाले. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. मग जीपमध्ये बसून गेले.

आता जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. दुकानात रॉकेल नाही आणि विहिरीत आहे म्हटल्यावर वस्तीतल्या बायकांनी ते काढायला सुरुवात केली. जुनी गोधडी पाण्यावर अलगद पसरायची, ती तेल प्यायली की डबड्यात पिळायची. पाणी खाली बसलं की वरचं चिमणीत. चिमणी तडतडायची, धूर करायची, पण जळायची. पारूबाई अण्णांना हसत म्हणाली, "पानी न्हाई तर न्हाई, कंपनीनं उजेड तरी फुकट दिला." अण्णा हसले नाहीत. त्यांना बापाचे दिवे आठवले असतील.

ही गोष्ट मुंबईला कशी गेली माहीत नाही. प्रधानसाहेब पुन्हा आले, या वेळी टंकलेला कागद घेऊन. डिपोतून वेळोवेळी रॉकेलची चोरी होत असून चोरलेला माल मागच्या वस्तीतल्या विहिरीत दडवला जातो, असा त्यात मजकूर होता. खाली अण्णांच्या सहीची जागा. सोबत एक हवालदार होता. त्यानं पारूबाईच्या झोपडीतून दोन डबडी जप्त करून आणली होती, आणि तिलाही.

मी पावत्या घेऊन तिथंच होतो. अण्णांनी कागद वाचला. मग डबडं उचललं, बोट बुडवलं, चोळलं. वासाचा भरवसा उरला नव्हता, नुसतंच चोळून बघितलं.

"साहेब, ह्यात पाणी हाय. डिपोच्या मालात पाणी नसतंय. हे हिरीतलंच हाय."

"विहिरीतलंच आहे. तिथं कुणी टाकलं हा प्रश्न आहे."

"आपुन टाकलं."

"पाटील, सही करा. बाईला आत्ता सोडून देतो. चोरी म्हटलं की विमा आहे, सगळं मिटतं. नाही केलीत तर तुमचंच माप कमी भरतंय, याचा अर्थ काय होतो ते बघा."

अण्णांनी पारूबाईकडे बघितलं. ती हवालदाराशेजारी जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, "करून टाका अण्णा. मला घरी जाऊंद्या. कागदावर काय का लिवंनात."

"न्हाई पारू," ते म्हणाले. "तुला चोर म्हणून मी सही करायची व्हय? मी न्हाई करत साहेब."

त्यांनी सही केली नाही. तिला दोन दिवस चौकीत ठेवलं. सरपंचांनी जाऊन सोडवून आणली. अण्णांवर चौकशी लागली. आणि वस्तीतले लोक अण्णांवरच चिडले, कारण त्यांनी सही केली असती तर बाई त्याच दिवशी सुटली असती. ते काही दिवस विहिरीकडे फिरकले नाहीत. प्यायचं पाणी स्टेशनातून नेऊ लागले.

स्टेशनातूनच आता सगळी वस्ती पाणी नेत होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक नळ होता, आणि वस्ती आणि नळ यांच्या मधे सायडिंग. मालगाडी उभी असली की रेल्वेच्या फाटकाकडून वळसा पडायचा. भरल्या घागरीनं वळसा कोण घालणार? बायका वॅगनीखालून वाकून जायच्या. आम्ही रोज बघायचो. मी एकदोनदा ओरडलो. एकदोनदाच.

एके दिवशी दुपारी इंजिन लागलं, आणि गाडी हालायच्या वेळी पारूबाई खाली होती. घागर आधी पलीकडे सरकवली होती, ती स्वतः मागं राहिली. उजवा पाय घोट्याच्या वरून तुटला.

अण्णा डिपोतून धावत आले. स्वतःचं धोतर फाडून त्यांनी पाय बांधला. लॉरीत पिंपं भरत होते, ती उतरवायला लावून तिला लॉरीतूनच साताऱ्याला नेलं. ती जगली. सरकारी दवाखान्यात तीन महिने होती. अण्णा दर रविवारी जायचे, डाळिंबं घेऊन. ती त्यांच्याशी बोलायची नाही. ते खाटेशेजारी बसायचे आणि उठायचे.

त्या अपघाताची चौकशी झाली. स्टेशनमास्तरांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश, पूर्वसूचना देऊनही दुर्लक्ष. बायका रोज जातात हे माहीत होतं का, या रकान्यात मी लिहिलं, नाही. खाली सही केली. नोकरी जायची भीती होती, बायको बाळंतपणाला गेलेली होती, अशी बरीच कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. मी काय लिहिलं ते अण्णांना माहीत होतं. त्यांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. नेहमीसारखे ऑफिसात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढं आणीबाणीच्या सुमाराला बातमी आली की परदेशी तेल कंपन्या सरकारनं घेतल्या. अण्णा वर्तमानपत्र घेऊन आले. इतक्या दिवसांनी चेहऱ्यावर उजेड होता. "बाबू, आता आपली झाली. आता ऐकत्याल. विलायतेच्या साहेबाला आपल्या हिरीचं काय? पर सरकारला तर हाय का न्हाई?"

रंगारी आला, जुनी पाटी उतरली, नवीन नावाची चढली. अण्णांनी सगळी पत्रं, शनिवार-सोमवारची मापं, पारूबाईच्या दवाखान्याचे कागद असं एक बाड बांधलं आणि मुंबईला स्वतः गेले. कचेरी तीच, जिना तोच. आत खुर्चीवर प्रधानसाहेब. फक्त त्यांच्या मागच्या भिंतीवरचा फोटो बदलला होता. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "पाटील, ही सगळी जुन्या कंपनीच्या काळातली बाब आहे. नव्या कंपनीवर त्याची जबाबदारी येत नाही."

"मग जुनी कंपनी कुठं हाय?"

"ती इथं नाही आता."

हे मला सांगताना अण्णा साहेबांवर चिडलेले नव्हते. ते म्हणाले, "साहेब खोटं बोलत न्हवता, बाबू. ती खरंच न्हाई आता. मग हे बाड द्यायचं कुणाला?"

त्याच वर्षी डिपो बंद करून मोठा डिपो मिरजेकडे करायचं ठरलं. जुन्या टाक्या कापायला माणसं आली. रॉकेलच्या टाकीचं बूड उलटं केलं तेव्हा मी पाहिलं. चाळण झाली होती, ऊन आरपार येत होतं. अण्णांनी त्यातला हातभर तुकडा मागितला. मुकादम म्हणाला, "लिलाव झालाय, आता भंगारवाल्याचं आहे." अण्णा भंगारवाल्याकडे गेले. त्यानं तुकड्याची किंमत सांगितली. ती द्यायलाही ते तयार होते, पण तेवढ्यात लॉरी भरून झाली होती, आणि भरलेली लॉरी पुन्हा कोण उपसणार? लॉरी गेली. अण्णा टाकीच्या जागेवर उरलेल्या काळ्या गोल जमिनीवर उभे राहिले. चार दिवसांनी त्यांची मिरजेला बदली झाली. तिथं त्यांनी वर्षभरही काढलं नाही, राजीनामा दिला आणि गावी गेले. विहीर तशीच राहिली. पंचायतीनं तिच्यावर काटेरी झाप टाकली आणि पुढं त्यात गावाचा कचरा पडू लागला.

त्यांना शेवटचं मी पाहिलं ते दोन-तीन वर्षांनी, लोणंदच्या बाजारात. मी मालधक्क्याच्या कामानं गेलो होतो. कांद्याचा हंगाम होता, मोकळ्या आवारात कांद्याचे ढीग आणि ढिगांभोवती निवडायला बसलेल्या बायका. त्यांत पारूबाई होती. काठी शेजारी, तुटका पाय लुगड्याखाली झाकलेला. आणि तिच्यासमोर, धुळीत, अण्णा उकिडवे बसले होते. खूप वाळले होते.

मी ढिगाच्या आड उभा राहिलो. पुढं जाण्याचं धाडस झालं नाही.

पारूबाई म्हणत होती, "आवं अण्णा, पाय काय तुमी तोडला व्हय माझा? गाडीभाडं खर्चून दर म्हैन्याला येताय ते?"

अण्णा धुळीत बोटानं रेघा ओढत राहिले.

"काय आणायचं न्हाई, सांगायचं न्हाई. नुसतं बसायचं. माझा रोज बुडतोय बोलण्यात."

"तू कर की काम. मी काय म्हणतोय?"

तिनं एक रिकामी पाटी त्यांच्यापुढं सरकवली. "बरं, आलाय तर हात लावा. सडलेला ह्यात टाका. चांगला मागं."

अण्णांनी जन्मात कांदा खाल्ला नव्हता. त्यांच्या घरात तो येतही नसे. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या, ढिगातला एक कांदा उचलला, फिरवून पाहिला, अंगठ्यानं दाबला. तो चांगला की सडलेला ते त्यांना कळेना. त्यांनी तो पारूबाईच्या पुढं धरला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "मागं टाका."

त्यांनी तो मागं टाकला आणि दुसरा उचलला.